हात न लागलेली रोपं

सांगतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही. पोस्टमनचाही बसला नाही, आणि महिनाभरात माझं दार वाजवणारा तेवढा तो एकच.

आमची रोपवाटिका होती तेव्हा बायको टोमॅटोच्या कोवळ्या रोपांवरून रोज सकाळी तळहात फिरवायची. त्यानं रोपं काडीसारखी उंच न वाढता बुटकी आणि दणकट होतात, हे कुठलाही माळी सांगेल. पण हिची रोपं इतकी दणकट, की वादळ कुंपणापाशी येऊन जरा विचार करायचं आणि शेजाऱ्यांकडे वळायचं.

ती गेली. तिच्या शेवटच्या झाडांचं बी मी यंदा बैठकीच्या खोलीत, टेबलावरच्या ट्रेमध्ये पेरलं. हात म्हणून लावला नाही. दुसरं आहे कोण लावायला? तरी रोपं आली ती तश्शीच! बुटकी, जाड मानेची.

नात पिकांच्या प्रयोगशाळेत शिकते. तिला फोन केला. एरवी "बघते, जमलं तर" म्हणणारी पोरगी संध्याकाळच्या आत हजर!

ट्रेवर वाकून म्हणाली, "जनुकं बदलत नाहीत, आजोबा. पण आईझाडानं जे सोसलं, त्याच्या खुणा कधीकधी जनुकांवर बसतात आणि बियांतून पुढं उतरतात. हे तसलं असेल ना, तर फळं येईपर्यंत दर रविवारी येईन मी मोजायला."

दर रविवारी! मी लगेच दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली.

"पण नक्की कुणी हात लावला नाही?"

"शपथ घेऊ?"

"नको. तुमच्या शपथा आजीनंही मोजायच्या सोडल्या होत्या."

"अगं, ते कोपऱ्यातलं रोप बघ. आजीच्या खुर्चीकडे मान वळवून बसतं दिवसभर."

"खुर्ची खिडकीत आहे, आजोबा. ऊन तिकडूनच येतं."

"बरं, ते सोड. पण बुटकेपणाचं काय? तो तर आईझाडाकडूनच आला ना?"

मी चहाचा कप पुढं केला. तिनं तो टेबलावर ठेवला, माझा हात मात्र सोडला नाही. उलटा करून उजेडात धरला, नाकाशी नेला.

"थापाडे! तळहात हिरवा झालाय तुमचा. टोमॅटोच्या पानांचा वास येतोय. रोज सकाळी तुम्हीच फिरवता ना हात, आजीसारखा?"