अनवाणी पायांची साक्ष

"मशीन चावतं," असं आत्या पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा घरात हशा पिकला.

"अगं, कपडे धुण्याचं मशीन आहे ते, कुत्रं नाही," भाचा म्हणाला आणि त्याने मशीनला चक्क मिठी मारून दाखवली. "बघ, गरीब गाय आहे." त्याच्या बायकोनेही, घरच्या सुनेने, हात लावून पाहिला. तिलाही काही जाणवलं नाही. मग दुरुस्तीवाला आला, बुटांसकट मोरीत शिरला आणि "मशीन ठणठणीत आहे" असं सांगून निघून गेला.

त्यानंतर कुणी हसेना, आणि ते जास्त वाईट होतं. सून आत्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं मऊ बोलू लागली. बाळाला न्हाऊ घालायचं काम जन्मापासून आत्याचं. तेही तिने "राहू द्या आत्या, मी घालते" म्हणत हळूच काढून घेतलं. भास होणाऱ्या बाईच्या हातात तेलाने निसरडं झालेलं लेकरू कोण देईल? सुनेचं काही चुकत नव्हतं. आत्यालाही ते कळत होतं, म्हणून तर जीव तुटत होता. मोरीतून न्हाणाऱ्या बाळाचे हुंकार यायचे आणि ही भिंतीला टेकून देवाशी भांडायची, "डोकं न्यायचं तर ने बाबा. पण मग या हातांची सवय का ठेवलीस?"

देवाने उत्तर पाठवलं ते शेजारच्या मांजराच्या हाती.

मशीन चालू होतं. मांजर ओल्या फरशीवरून डौलात आलं, मशीनच्या पत्र्याला नाक लावलं, आणि अंगावर काटा फुलवून जे उडालं ते थेट उंबऱ्याबाहेर!

"यालाही भास होतो होय रे देवा?" आत्या पुटपुटली. मग तिने मांजराचे पाय पाहिले. मग स्वतःचे.

घरात सगळे रबरी चपला घालून वावरत. आत्याही. पण बाळाचे कपडे धुताना ती चपला मोरीच्या दाराशीच काढायची. चपलांची घाण लेकराच्या दुपट्याला लागू नये, एवढंच.

भाचा कामावरून आल्या आल्या तिने फर्मान सोडलं, "चपला काढ आणि मशीनला हात लाव."

"आत्या, पुन्हा सुरू झालं का तुझं?"

"लहानपणी 'जीभ काढ' म्हटलं की काढायचास. आता नुसत्या चपला काढायला सांगतेय."

सून बाळाला कडेवर घेऊन दाराशी येऊन उभी राहिली. भाचा हसत हसत ओल्या फरशीवर गेला, बोटांची पाठ पत्र्याला टेकवली आणि "आई गं!" करून असा मागे आला की बादलीच कलंडली.

"चावलं?" आत्याने विचारलं.

"चावलं," तो म्हणाला.

चपला चढवून त्याने टेस्टर आणला, मशीनच्या मागच्या उघड्या स्क्रूवर टेकवला. टेस्टरच्या पोटात अंधुक नारिंगी ठिणगी पेटली आणि तशीच राहिली. तिघंही वाकून बघत होती. आत्या इतके दिवस जे सांगत होती, ते त्या बोटभर नळीत जळत होतं.

मेन स्विच बंद करून त्याने बोर्ड उघडला. सुनेने टॉर्च धरला. प्लगला तीन पिना, बोर्डाला तीन भोकं. पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. भाच्याचं तोंड उतरलं. मशीन मोरीत आणलं तेव्हा ही जोडणी त्यानेच केली होती. घरात दोन तारांची वायर पडून होती, मशीन तेवढ्यावर फिरलं, मग तिसरीवाचून कुणाचं अडलंय!

"मशीनमधून थोडी वीज पत्र्यात झिरपतेच," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिसरी, अर्थिंगची हिरवी तार तिला जमिनीत पोचवते. तार नसली की..."

"की ती माझ्यातून जाते."

एवढ्यात बाळ खाली उतरण्यासाठी चुळबुळलं. नुकतंच रांगू लागलेलं ते. उघडे गुडघे, लाळेने ओले झालेले पंजे, आणि दिसेल त्याला धरून उभं राहायची हौस. सुनेने मशीनकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि त्याला घट्ट छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी उजेडात भाच्याने नवी वायर ओढली. मुख्य बोर्डापासून मोरीपर्यंत हिरवी तार नीट आली. मशीन सुरू झालं. टेस्टर त्याच स्क्रूवर टेकला. अंधार. मग दुसऱ्या स्क्रूवर. तिथेही अंधार.

आत्या त्या अंधाराकडे देव्हाऱ्यातल्या ज्योतीकडे बघावं तशी बघत राहिली. एवढीशी तार, हाताच्या शिरेएवढी! कपडे धुवत नाही, पाणी फिरवत नाही, नुसती पडून असते. आणि वाट चुकलेली वीज तिचं बोट धरून भूमीच्या पोटात जाते. केवढं ते पोट! काय काय घेतलं असेल तिने आजवर, आणि हूं की चूं नाही. आत्याचे हात आपोआप जोडले गेले.

भाच्याने अनवाणी उभं राहून पत्र्यावर आख्खा पंजा ठेवला. "गाय!" तो म्हणाला. या वेळी आत्यालाही हसू आवरलं नाही.

मग सुनेने दाराशी चपला काढल्या, ओल्या फरशीवरून आत आली आणि तेल माखलेलं बाळ आत्याच्या ओंजळीत ठेवलं.

"पाणी काढलंय," ती म्हणाली. "कढत तर नाही ना, तुम्हीच बघा."