बाटलीहिरवे पडदे

सगळी गल्ली त्यांना रेडिओ म्हणायची. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, जिभेला हाड नव्हतं. निवृत्त झाल्यावर पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकून बोलायचे. समोरचा सलूनवाला शटर वर करता करता ओरडायचा, "काय रेडिओ, आज काय बातमी?" मग दोघांची जुंपायची. बायको आतून म्हणायची, "अहो, चहा निवला. आता स्टेशन बंद करा."

एका सकाळी ते जेवणाच्या टेबलापाशी वाकडे झाले आणि खाली कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडातून एकच आवाज निघायचा, "बा, बा." तरी डाव्या हातानं गॅलरीकडे बोट दाखवलंच. बायकोनं खुर्चीत उशा लावून बसवलं. सलूनवाल्यानं खालून हाक दिली, तसा डावा हात वर गेला आणि "बा, बा" असं दणक्यात उत्तर गेलं. हनुवटीवरून लाळ ओघळली. ती पुसायला धावली.

खाली दोन बायका थांबल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "अरेरे, काय दशा झाली बघ. घरच्यांनी तरी आत ठेवावं ना." आवाज हळू होता, पण वर गॅलरीत बायकोच्या काळजात रुतला.

दुसऱ्याच दिवशी ती बाजारात गेली. बाहेर लावायचे तयार पडदे तिच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून कोरा मांजरपाट आणला आणि बाटलीहिरव्या रंगाची पुडी घेतली. "ऊन फार येतं हो तुमच्या डोळ्यांवर," ती म्हणाली. "पडदे करते."

त्यांना ते भारी आवडलं. तिनं कापडाची खळ जावी म्हणून ते रात्रभर भिजत घातलं, सकाळी धुतलं, शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. रंग फडक्यातून गाळून घेतला, नाहीतर गुठळ्यांचे डाग पडतात. त्यांनी खुर्चीतून हात पुढे केला. रंग पक्का बसावा म्हणून घालायच्या मिठाची वाटी तिनं त्या हातात दिली. त्यांनी थरथरत मीठ पाण्यात टाकलं, अर्धं जमिनीवर सांडलं, आणि दोघंही हसली. कितीतरी दिवसांनी. कापड लाकडी दांड्यानं वरखाली करताना तिच्या कोपरापर्यंत हिरवं झालं. त्यांनी तिच्या गालावरचा शिंतोडा अंगठ्यानं पुसायला घेतला आणि आणखीच फासला.

सावलीत वाळल्यावर कापडावर रंग जरा कमीजास्त उतरला होता, पण लांबून कळत नव्हतं. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तिनं खालच्या दुमडीत वाळूच्या पुरचुंड्या शिवल्या. पडदे जड झाले. दांडीवर चढवून तिनं ते इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत ओढले.

गॅलरीत हिरवा अंधार पडला. ते पडद्याकडे बघत राहिले. मग तिच्याकडे बघितलं.

"आता बरं वाटेल," ती म्हणाली, आणि आत गेली.

खालून हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी डावा हात लांबवून पडदा सरकवायचा प्रयत्न केला, पण वाळूचं वजन हलेना. तिनं स्वयंपाकघरातून ते पाहिलं, पण ती मदतीला गेली नाही. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवणं सोडलं. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घास तोंडात तसाच राहायचा. "बा" सुद्धा थांबलं.

लेक भेटायला आली. बापाच्या पायाशी बसून म्हणाली, "आई, बाबांना बाहेर का नेत नाहीस गं?"

"लोक बघतात."

"बघू देत की. त्यांनी कधी कुणाची पर्वा केली?"

आई उठली, जिना उतरली, रस्ता ओलांडून सलूनच्या दारात उभी राहिली. आत कुणी नव्हतं.

"भावजी, तुम्ही हाक मारायचं का सोडलंत?"

त्यानं मान खाली घातली. "वहिनी, पडदा लावलेला बघितला. म्हटलं, आता नकोसं असेल. लोकांच्या घरात नाक कशाला खुपसायचं?"

"मारा हाक," ती म्हणाली. "माझं चुकलं."

तिनं वर येऊन पडदे गोळा करून दोरीनं बांधले. लेकीनं आणि तिनं मिळून त्यांना खुर्चीत आणलं. खालून आवाज आला, "काय रेडिओ, आज काय बातमी?" हात उठला नाही. त्यांनी फक्त रस्त्याकडे डोळे वळवले. सलूनवाला थोडा वेळ वाट बघून वर आला, सोबत ब्रश, साबण, वस्तरा घेऊन. "दाढी वाढलीय मालकांची," म्हणाला. गालाला फेस लावताना गल्लीतल्या सगळ्या लग्नांच्या, भांडणांच्या बातम्या सांगत होता. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

दर दोनतीन दिवसांनी तो येऊ लागला. थोडे दिवस डाव्या हाताची बोटं उठली, एकदा तर "बा" असं स्पष्ट ऐकू आलं, आणि ती पदरानं डोळे टिपत आत पळाली. पण जे हरवलं होतं ते पुरतं परत आलं नाही. थंडी सुरू व्हायच्या आत दुसरा झटका आला. त्या दुपारी ते खुर्चीतच होते. लेकीला फोन करेपर्यंत सगळं संपलं होतं.

पडदे बांधलेलेच राहिले. बाहेरच्या घड्या उन्हानं विटल्या, आतल्या तशाच गडद. ती रोज दुपारी खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसते. मिठाची वाटी धरलेला तो थरथरता हात आठवतो. त्या दिवशी ते किती खूश होते! कशासाठी चाललंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला होतं.