नोरीनसाठी घाईने भरलेल्या बाटल्या

मित्रांनो, मी एक जुना हायड्रोमीटर आहे. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा चुलत भाऊ म्हणा; पोटात छर्रे आणि मान लांब. बर्टनच्या बाजारातून क्लिफर्ड हॉलिसने मला घरी आणलं, त्याला आता एकतीस वर्षं झाली.

क्लिफर्ड घरी पेल एल नावाची फिकट बिअर करायचा, तीही थेट धान्यापासून. तयार अर्काचे डबे आणणाऱ्यांना तो 'डबेवाले' म्हणून हिणवी. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडून तो गरम पाण्यात तासभर भिजवी, पिंप जुन्या रजईत गुंडाळी, मग तो गोड रस हॉप्सची कडू फुलं घालून उकळी. रस गार झाला आणि त्यात यीस्ट पडलं, की माझं काम सुरू. साखर असते तोवर मी वर तरंगतो. यीस्टने ती खाल्ली की खाली उतरतो. माझे आकडे बारीक, म्हणून ते वाचायची त्याची बायको नोरीन. "म्हातारबा हो म्हणेपर्यंत बाटलीला हात लावायचा नाही," असा तिचा कायदा होता; म्हातारबा म्हणजे मी. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मागच्या वसंतात नोरीनने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले. पेल एलला पाच लागतात. तिला यंदाचा घोट हवा होता, म्हणून क्लिफर्डने त्याच दिवशी बार्ली भरडायला घेतली.

चौथ्या दिवशी त्याने उंच नळीत थोडी एल काढून मला आत सोडलं. मी वरच राहिलो. चष्मा पुसून त्याने पुन्हा पाहिलं.

"काय म्हणतो रे म्हातारबा?" आतून नोरीनने विचारलं.

"उतरला."

"एवढ्यात?"

"उतरला गं. भरतो बाटल्या."

माझ्या नावावर त्या घरात बोललेलं ते पहिलं खोटं.

बाराव्या दिवशी त्याने तिला अर्धा ग्लास दिला. एल गढूळ होती. तिने दोन घोट घेतले.

"गोड आहे," ती म्हणाली. "तुला कधी धड थाप मारता आली नाही, क्लिफर्ड."

मग तिने तिसरा घोट घेतला. गुरुवारी ती गेली.

उरलेली साखर बाटल्यांत फसफसतच होती. दफनानंतर चार दिवसांनी जिन्याखालच्या कपाटात त्या एकामागून एक फुटू लागल्या. क्लिफर्ड स्वयंपाकघरात ऐकत बसला. उठला नाही.

त्यानंतर त्याने बार्ली आणली नाही. मी ड्रॉवरमध्ये संपलेल्या सेलांपाशी पडून असतो. मित्रांनो, मापाचं ऐकत जा, घाई करू नका, एवढंच माझ्यासारख्याने सांगायचं. तेच सांगतो. पण त्या दिवशी मला एकदाच बुडता आलं असतं, तर त्याला तिच्याशी खोटं बोलावं लागलं नसतं.