सौसरच्या संगणकावर संत्र्याचा नकाशा

"पानावर लिहिलंय तेवढंच करायचं, काकाजी. आपलं डोकं लावायचं नाही," उर्वशी म्हणाली.

"मंग बरोब्बर माणूस भेटला तुले," शकुंतला स्वयंपाकघरातून बोलली. बायकोला माझ्या डोक्याची चांगली पारख आहे.

उर्वशी बोरगावची. सौसरला मी ज्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, तिथली कपाटं तिनं शाळेत असतानाच संपवली होती. आता ती पुण्याला संत्र्याच्या गुणसूत्रांवर संशोधन करते. पेशीत गुणसूत्राचा लांबलचक धागा सुताच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला असतो आणि धाग्यावरच्या दूरदूरच्या जागा त्या गुंड्यात एकमेकींना टेकतात. कोण कोणाला टेकतं, याचा नकाशा तिचे प्रोग्राम एकामागून एक चालून काढतात.

तिच्या मशीनवर नकाशा निघायचा. फ्रान्सच्या एका प्रयोगशाळेनं करून पाहिला, तर काम मध्येच बंद पडलं. दुसऱ्या कोणाकडे तो जसाच्या तसा निघाल्याशिवाय तिचा लेख छापला जाणार नव्हता, आणि चूक काही सापडत नव्हती. म्हणून दिवाळीला आली ती थेट आमच्याकडे. सूचना लिहिताना काय सुटलंय ते कळावं म्हणून तिला यातलं काहीच न कळणारा, लिहिलंय तेवढंच करणारा माणूस हवा होता.

तिच्या चेहऱ्यावरून मला काही सुचू नये म्हणून ती ओसरीत पाठ करून बसली. तिनं दिलेल्या पानावरचं एकेक अक्षर तपासत मी टाइप केलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. पहिला टप्पा झाला, दुसरा झाला. संत्र्याच्या आत खोलवर उतरत असल्यासारखं मला वाटत होतं. आणि एकदम लाल ओळ आली: क्रम चुकीचा, काम थांबवले.

"बिघडवलं मी," मी म्हणालो. "तू पांढुर्ण्याला कोणाकडे तरी जा, बापा."

ती धावत आली. ओळ वाचली. मग तिची नजर वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली.

"काकाजी, हे सगळं मराठीत काऊन आहे?"

"हौस माझी," मी ओशाळून म्हणालो. "थांब, इंग्रजी करतो."

माउसकडे नेलेला माझा हात तिनं मनगटापाशी धरला.

"हात नका लावू! सापडलं!"

तिच्या संस्थेच्या मशीनला कोणतीच भाषा लावलेली नव्हती, म्हणून तिथं नावं आपोआप साध्या, ठरलेल्या क्रमानं लागायची. माझं मशीन गुणसूत्रांच्या नावांचा क्रम मराठीच्या नियमानं लावत होतं, फ्रान्सवाल्यांचं फ्रेंचच्या. पुढच्या प्रोग्रामला तो क्रम चालत नव्हता. तिनं सुरुवातीला एकच ओळ वाढवली: मशीनची भाषा कोणतीही असो, क्रम ठरलेल्या एकाच पद्धतीनं लावायचा.

"आता पहिल्यापासून. मी बाहेर बसते."

या वेळी लाल ओळ आली नाही. पडद्यावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारा नकाशाचा लाल पट्टा उमटला, त्याच्या कडेनं वावरांसारखे चौकोन. नकाशाची फाइल तंतोतंत तीच आहे का, ते सांगणारी अक्षरं मी मोठ्यानं वाचू लागलो, ती ओसरीतून आपल्या लॅपटॉपवर ताडून "हो", "हो" म्हणत राहिली. शेवटच्या अक्षराला आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"काय करून राहिले तुम्ही?" शकुंतला लाटणं घेऊनच बाहेर आली.

"काकू, जुळलं!" उर्वशी तिच्या गळ्यातच पडली. मग माझ्याकडे वळली. "मशीन मराठीतच ठेवा. पुढचं कामही आधी इथंच चालवीन."

"आणि माझ्या हातून चुकलं तर?"

"चुका ना, काकाजी. त्याच्यासाठीच तर येईन."