‘समजलं’ची सही

“शिकवायचं मॅडमनं अन् सही आपण करायची, हे कुठलं नवीन?” प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर सर्जेराव माझ्या कानाशी कुरकुरले.

अकरावीला गणिताच्या नव्या मॅडम आल्यापासून एक नेम झाला होता. मुलांनी रोज एक गणित घरच्या माणसाला समजावून सांगायचं आणि त्या माणसानं वहीत ‘समजलं’ लिहून सही करायची. हे बंद व्हावं, मॅडमही बदलाव्यात, म्हणून सर्जेरावांनी अर्ज लिहून आणला होता.

“आपण किती शिकलोय ते काढून घेत असतील,” मागून कुणीतरी म्हणालं. शंका मलाही होतीच. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं पोरांच्या पुस्तकांतून उचललेलं. तरी माझ्या लेकीच्या, संस्कृतीच्या वहीत माझ्या सह्या अगदी मोत्यासारख्या.

अर्ज फिरत पिशोरच्या मनकर्णाबाईंकडे आला. त्यांनी पेन घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं.

“काय लिहिलंय यात?”

“पोरांना काही समजत नाही म्हणून लिहिलंय,” सर्जेराव म्हणाले. “करा सही, रोज करताच की.”

“करते, व्हय.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “पण मला त्यातलं एकबी गणित समजलं नाय, दादा. मी ‘समजलं’ लिहिते, अन् पोरीला वाटतं, आईला समजलं म्हंजी आपल्यालाबी आलं.”