खुशालची विमानशाळा

माझा धाकटा भाऊ खुशाल याला विमान चालवायचं होतं. हे ऐकून गडचिरोलीत कुणी हसलं नाही, आणि माझा त्रास तिथंच सुरू झाला. लोक हसले असते तर हसून आपापल्या कामाला लागले असते. इथं जो तो सल्ला द्यायला बसला.

ही १९५५ सालची गोष्ट. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. आमचे वडील, इस्तारी नाव त्यांचं, तलावावर मासे धरायचे, उन्हाळ्यात वैनगंगेवर जायचे. आमच्या ढिवरांच्या मोहल्ल्यात मॅट्रिक झालेली मी पहिली आणि इंटर सायन्स झालेला खुशाल पहिला. मागास जातींच्या मुलांसाठी सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, निघाला, तेव्हा खुशालनं अर्जात ‘व्यावसायिक वैमानिक’ असं लिहून टाकलं. चांद्याच्या कचेरीतल्या बाबूंनी तो गंमत म्हणूनच वर पाठवला असावा. पण तो मंजूर होऊन आला. अट अशी, की मार्चअखेर विमानशाळेचं नाव कळवायचं, आणि एकदा कळवलेलं नाव बदलायचं नाही.

आमच्याकडे दोन शाळांचे कागद आले होते. एक होतं गरुड विमान विद्यालयाचं गुळगुळीत पुस्तक. वर टोपीवाला वैमानिक, आत आठ महिन्यांत परवाना आणि लगेच नोकरी. दुसरं म्हणजे दक्षिणेकडच्या एका क्लबाचं टाइप केलेलं एक पान. त्यात लिहिलं होतं की विमानं तीन आहेत, पैकी एक दुरुस्तीत आहे, पावसाळ्यात उड्डाण फारसं होत नाही, परवान्याला दोनशे तास उडावं लागतं, तेव्हा अडीच-तीन वर्षं धरून चाला. शिवाय प्रवेशाआधी गणिताची लेखी परीक्षा आणि इंग्रजीत तोंडी.

मला ते एक पान आवडलं. खुशालला पुस्तक आवडलं. पण सरळ तसं सांगेल तर तो खुशाल कसला! सोमवारी तो गरुडचा, मंगळवारी क्लबाचा. बुधवारी गुणवंतराव येऊन बसायचे. हे लाकडाचे ठेकेदार. पुस्तक त्यांनीच नागपूरहून आणलं होतं, त्यामुळं आपणच पोराला आकाशात नेऊन ठेवलं असं त्यांना वाटायला लागलं होतं.

“अगा, आठ महिने कुठी अन् तीन वर्षं कुठी,” ते म्हणायचे. “भागीरथाबाई, तुमी त्याले मांगं ओढून राह्यल्या.”

गुणवंतराव स्वतः एकदाही विमानात बसले नव्हते. पोस्टमास्तर बसले नव्हते, आमचे हेडमास्तर बसले नव्हते, पण मत सगळ्यांना होतं. मी वह्या तपासायला घेतल्या की खुशाल समोर येऊन दोन्ही कागद मांडायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायचा. फेब्रुवारी लागला तेव्हा त्या पुस्तकाचं पान अन् पान मला पाठ झालं होतं.

शेवटी बाबाच वैतागले. ते अंगणात जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “डोंगा घेतो तवा आपन काय करतो? कागद वाचतो काय? पान्यात सोडून पाह्यतो. जा ना, पाहून या.”

क्लब दोन दिवसांच्या वाटेवर होता, गरुड त्या मानानं जवळ, म्हणून तेच पाहायचं ठरलं. मी चार दिवसांची रजा टाकली. मोटारीनं नदीपर्यंत, डोंग्यातून पलीकडं, मूलहून छोटी गाडी, नागभीडला बदलून नागपूर, आणि तिथून मोठ्या गाडीनं आणखी चार तास. वाटभर खुशाल पुस्तक वाचत होता.

लढाईच्या वेळी बांधलेली एक धावपट्टी होती. तिच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये एक पिवळं विमान. ते पाहून खुशालचा चेहरा असा झाला की क्षणभर मलाच वाटलं, आपण उगाच संशय घेतो आहोत. टाय लावलेल्या सेक्रेटरीसाहेबांनी त्याला आत बसवलं. खुशालनं दांडा हातात धरला, पायाखालच्या पट्ट्या दाबून पाहिल्या.

“आज कोण कोण उडालं?” मी विचारलं.

“आज हवा ठीक नाही, बाई. वारा फार आहे.”

बाहेर खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी बांधली होती. ती भिजल्या धोतरासारखी निपचित लोंबत होती.

“मग काल?”

साहेब म्हणाले, आपण चहा घेऊ. ते चहा सांगायला गेले तेव्हा मी शेडच्या मागच्या बाजूला गेले. तिथं बिरजू नावाचा मिस्त्री पाने पुसत बसला होता. आमचं बोलणं त्यानं ऐकलं असावं, कारण मी विचारायच्या आधीच तो बोलला. “मॅग्नेटो बंबई गया है, बाईजी. इंजन में चिनगारी उसी से बनती है. दिवाली के पहले भेजा था.”

“आणि बाकीची विमानं? पुस्तकात तर चार आहेत.”

“फोटो में चार है,” तो म्हणाला आणि परत पाना पुसायला लागला.

फाटकापाशी एक मुलगा दोरीवर कपडे वाळत घालत होता. नाव पत्रू, भंडाऱ्याकडचा, खुशालसारखाच वजिफ्यावर आलेला. मी खुशालला हाताला धरून त्याच्यापुढं उभं केलं.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“चौदा महिने.”

“अन् उडाला किती?”

“अकरा तास,” पत्रू म्हणाला. “आता काय सांगू, बाई. नाव कळवून बसलो ना. बदलता येत नाई.”

तो हे रडून सांगत नव्हता. ओल्या सदऱ्याच्या बाह्या नीट ओढत सांगत होता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. आता तरी हा विषय संपला.

तो संपला नाही. परतीच्या वाटेवर नागभीडला गाडीची वाट बघत बसलो होतो. खुशाल म्हणाला, “मॅग्नेटो तं येईनच ना, बाई. आज ना उद्या.”

मी शाळेत चाळीस मुली सांभाळते, कुणावर कधी हात उगारला नाही. त्या फलाटावर मात्र उगारावा असं वाटलं.

“काऊन?” मी विचारलं. “डोळ्यांनी पाह्यलं, कानांनी ऐकलं. तरी तुले तिथीच काऊन जायचं हाय? आज खरं सांग. नाई तं मी या कामातून मोकळी.”

त्यानं पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं. मग म्हणाला, “तिथी परीक्षा नाई.”

मला आधी कळलंच नाही.

“क्लबात इंग्रजीत तोंडी घेतात. इंटरच्या वेळी प्रोफेसरनं मले उभं केलं होतं. सारं येत होतं, पन तोंडातून शब्द निंगेना. पोरं हासले. मी तिथी नापास झालो, बाई, तं गावात सारेच म्हनतीन, ढिवराचं पोरगं, याले कोन विमान देते. गरुडवाले काहीच विचारत नाई.”

तीन महिने हा माणूस माझ्यापुढं विमानं, महिने आणि नोकऱ्या मांडत होता, आणि गोष्ट एवढीच होती. मला रागही आला आणि त्याची कीवही आली. दोन्ही एकदम आले की माझा आवाज चढतो. फलाटावरची माणसं बघायला लागली.

“हे डिसेंबरात सांगतलं असतं तं आतापर्यंत तुले इंग्रजी बोलता आलं असतं,” मी म्हणाले.

क्लबाचं नाव त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि मी ते रजिस्टर पोस्टानं चांद्याला पाठवलं. त्यानंतर दीड महिना आमच्या घरात इंग्रजी सोडून दुसरी भाषा चालली नाही. बाबांना त्यातलं काही कळत नव्हतं. मी प्रश्न विचारायची आणि तो अडखळला की पुन्हा विचारायची. एकदा तो ताट सोडून निघून गेला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून येऊन समोर बसला. गुणवंतराव येत राहिले. मॅग्नेटो ही फार लहान वस्तू असते, असं त्यांचं म्हणणं होतं.

तोंडी परीक्षेत तो अडकला. पहिल्या प्रश्नालाच. पण पुढं बसलेले म्हातारे शिक्षक म्हणाले, पाणी पी आणि परत सांग, आणि त्यानं परत सांगितलं. गणितात तो पहिला आला होता. त्याला घेतलं.

अडीच नाही, सव्वातीन वर्षं लागली. एक अख्खा पावसाळा तो नुसता पुस्तकं घेऊन बसला होता, आणि त्या चार महिन्यांत त्यानं मला नऊ पत्रं लिहिली. सगळ्यांत एकच प्रश्न, चुकलं तर नाही ना. मी दोन पत्रांना उत्तर दिलं. पत्रूचं काय झालं ते मला कळलं नाही. मी त्याला लिहिलं होतं, पत्र परत आलं.

१९५८च्या दसऱ्याच्या सुमारास खुशालला परवाना मिळाला. बाबांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला, त्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं आणि जाळं घेऊन तलावावर गेले. संध्याकाळी पूर्ण मोहल्ल्यात मासे वाटले.

कालच त्याचं पत्र आलं. दोन ठिकाणांहून बोलावणं आहे, एक सरकारी कंपनीचं, एक कलकत्त्याच्या माल वाहणाऱ्या कंपनीचं. दोन्हींचे कागद त्यानं सोबत जोडले आहेत आणि बाई, तुला काय वाटतं ते सविस्तर कळव म्हणतो.

वार्षिक परीक्षेचे पेपर टेबलावर पडले आहेत. आधी ते तपासते.