कोलमनच्या घरची पाळी

"आधी चुना, मग केक, आणि सगळ्यात शेवटी काळजी. क्रम बदलायचा नाही, नुआला."

आईचं हे सांगणं अजून माझ्या कानात तसंच आहे. आमच्या ड्रमकीरनला वसंतात एकदा आणि शरदात एकदा फादर चर्च सोडून कुणा एकाच्या घरी मिस्सा, म्हणजे वेदीवरची सामुदायिक उपासना, करतात. घरं पाळीने येतात. पाळी आली की त्या घरात जे हलतं ते धुतलं जातं आणि जे हलत नाही ते रंगवलं जातं. एका वर्षी आमचे बाबा विचार करत भिंतीला टेकून उभे राहिले आणि कोटाची पाठ पांढरी घेऊनच मिस्सेला बसले. सगळं गाव त्यांच्या मागच्या बाकावर होतं.

त्या मे महिन्यात पाळी माझ्या भावाची, कोलमनची होती. आईवडिलांचं घर आणि मेंढ्या त्याच्याकडे आल्या, मी लग्न होऊन दोन शेतं पलीकडे गेले. मिस्सा मंगळवारी ठरली होती आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी सार्वमत होतं. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना कायद्याने लग्न करता यावं का, यावर सगळ्या आयर्लंडने होय किंवा नाही सांगायचं होतं. 'नाही' म्हणा असं सांगणारं बिशपांचं पत्र चर्चमध्ये वाचून झालं होतं. फादर टीर्नननी ते इतक्या घाईने वाचलं, की पुढच्या बाकावरच्यांनाही फक्त शेवटचा 'आमेन' कळला.

कोलमनच्या घरात फिन्टन राहतो. गाव त्याला भाडेकरू म्हणायचं. या भाडेकरूने घराचे पडदे निवडले, कुंपणाला गुलाब लावले, आईच्या शेवटच्या आजारपणात तिला चमच्याने भरवलं, तरी तो भाडेकरूच. आमच्या मनात वाईट काही नव्हतं. नेमका शब्द तोंडातून निघत नसला की आमच्याकडे त्याच्या जवळचा एखादा वापरतात आणि चहा ओततात. फिन्टन शाळेची बस चालवायचा. गावातली निम्मी पोरं त्याच्या बसमध्ये भांडत आणि गाणी म्हणत मोठी झाली. तरीही मागच्या वेळी या घरची पाळी आली तेव्हा लोकांना अवघड वाटू नये म्हणून तो पूर्ण वेळ गोठ्यात एका मेंढीपाशी बसून होता. मेंढीला काहीही झालेलं नव्हतं.

या वेळी कोलमन माझ्याकडे आला, चिखलाचे बूट दाराबाहेर काढले, चहा संपवला आणि मग म्हणाला, "दार फिन्टन उघडेल. येतील ते आम्हा दोघांच्या घरी येतील. नाही आले तर केक मेंढ्या खातील."

हसत म्हणाला, पण कप खाली ठेवताना तो बशीवर वाजला. माणसं त्या दारातून आत येतील का, एवढीच त्याची चिंता होती. शुक्रवारी देश काय म्हणेल ते पुढचं. आधी गाव काय म्हणतं ते त्याला कळायला हवं होतं.

मी सकाळची मिस्सा चुकवत नाही. संध्याकाळी गुडघ्यांवर बसून जपमाळ, शुक्रवारी चहात साखर नाही. 'होय'वर खूण करायची हे मी त्याच गुडघ्यांवर बसून ठरवलं होतं आणि त्याबद्दल फारसं कुणाशी बोलले नव्हते. कन्सेप्टा गिलवॅरीनेही आपलं 'नाही' गुडघ्यांवर बसूनच ठरवलं होतं, पण ती बोलली होती, आणि सगळ्यांशी. कन्सेप्टा माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही पहिला कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पहिला प्रसाद, एकाच दिवशी घेतला, आणि मे महिन्यात मरियेच्या मूर्तीपुढची फुलं अजून दोघी मिळून लावतो. त्या वर्षीही लावली, फक्त बोललो ते फुलांबद्दलच. फिन्टनने फाटकाला 'होय'चं पोस्टर लावलं, तर कन्सेप्टाने समोरच्या विजेच्या खांबाला 'नाही'चं बांधलं. कोलमनच्या गाढवाने दोन्हींचे कोपरे सारखेच खाल्ले. सबंध धर्मग्रामात निःपक्षपाती तेवढं तेच उरलंय, असं फिन्टन म्हणायचा.

आता पेटीबद्दल सांगायला हवं. वेदीचं कापड, मेणबत्तीदाण्या, क्रूस आणि पवित्र पाण्याचं भांडं असलेली आमच्या गावाची एक पेटी आहे. मिस्सा झाली की ती त्या घरी राहते. पुढची पाळी ज्यांची, त्यांनी जाऊन ती मागायची, आणि आधीच्या घरच्या बाईने ती स्वतः घेऊन यायची, सगळ्यांच्या आधी उंबरा ओलांडायचा आणि नव्या घरच्या माणसाच्या हातात द्यायची. मग बाकीच्यांनी आत यायचं. मागची पाळी कन्सेप्टाची होती, म्हणजे पेटी तिच्याकडे होती.

मंगळवारी दुपारपासून मी कोलमनकडे हॅमची सँडविचेस कापत होते. पेटीचं काय, असं विचारलं तेव्हा कोलमन खिडकीकडे बघत म्हणाला की फादरांच्या गाडीत त्यांचं सामान असतं, त्यावर भागेल. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण त्याचा चेहरा पाहून मी काकडी कापायला घेतली.

सात वाजत आले. फिन्टन नवा निळा कोट घालून दारात उभा होता. फादर मागच्या दाराने आले, शेकोटीजवळ बसले आणि हवा छान आहे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. बाहेर ऊन होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. केकवर झाकलेलं फडकं मी उचलून पाहिलं आणि परत झाकलं. फिन्टन वळून म्हणाला की गोठ्यात जाऊन मेंढी बघून येऊ का. थट्टेचा सूर होता, पण थट्टा नव्हती.

"गोठ्याला मी कुलूप लावलंय," कोलमन म्हणाला. "किल्ली विहिरीत टाकली म्हण."

दूध कमी पडेल असं सांगून मी गाडी काढली. दूध भरपूर होतं. देव मला माफ करो, मला कुणाच्या तरी दारात जाऊन पदर पसरायचा होता, फक्त कुणाच्या ते ठरत नव्हतं.

वळणावर गेले आणि ब्रेक दाबला. कुंपणाला लागून सगळं ड्रमकीरन गाड्यांमध्ये बसलं होतं. धुतलेल्या गाड्या, विंचरलेले केस, मांडीवर झाकलेल्या थाळ्या. मॅलकी डर्कन काच खाली करून वर्तमानपत्र वाचत होता. त्याला विचारलं, इथे काय करताय. तो म्हणाला, पेटी अजून गेली नाही. पेटीच्या आधी लोकांच्या घरात घुसायला आम्ही काय रानटी आहोत?

मी म्हटलं, आत ते दोघं समजतायत की कुणी येणारच नाही. मॅलकीने वर्तमानपत्राची घडी घातली. त्याची बायको मागच्या सीटवरून म्हणाली की तिने त्या दोघांसाठी सामन माशाचा आख्खा तुकडा उकडून आणलाय, न यायला काय झालं. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, पेटी मागायला गेलं कोण होतं?

कुणीच गेलं नव्हतं. कन्सेप्टा देणार नाही असं धरून कोलमनने मागितलीच नव्हती.

कन्सेप्टाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्वयंपाकघरात हॅट, कोट, हातमोजे घालून ताठ बसली होती. टेबलावर पेटी. तिची पितळी कडी अशी घासलेली, की त्यात मला माझं नाक दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुणी मागायला आलंच नाही," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कपडे करून ती दुपारच्या चहापासून बसली होती. पोस्टरांमुळे त्यांना मी नको असेन, असं तिने धरलं होतं. पोस्टर मी खांबाला बांधलं होतं, कोलमनच्या गळ्यात नव्हे, असं ती त्या पेटीलाच सांगत होती. आपल्या मताबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. लग्न म्हणजे काय हे देवाने सांगून ठेवलंय, ते मतपेटीने बदलत नाही, हे तिने मला तेव्हाही सांगितलं. पण मिस्सा म्हणजे मिस्सा. ती कुणाच्या घरी आहे हे बघून कुणी जातं का?

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कन्सेप्टा, कोलमनच्या आणि फिन्टनच्या घरी पेटी हवी आहे. आणशील?"

दोन्ही नावं घेतली. ती थोडा वेळ हातमोज्याचं बटण लावत राहिली. ते आधीच लावलेलं होतं. मग उठली.

गाडीत पेटी मांडीवर घेऊन तिने मुलाची तक्रार केली. डेक्लन छातीवर 'होय'चा बिल्ला लावून फिरतो, आणि शुक्रवारी आईला मतदानाला न्यायला त्याला वेळ नाही. म्हणे मतदान संपलं की नेतो. मतदान शाळेत, आणि तिच्या कमरेचं दुखणं असं, की तिथपर्यंत चालवत नाही.

"तू नेशील मला?" तिने विचारलं. "मी काय करणार ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"तू काय करणार तेही मला ठाऊक आहे. म्हणजे दोघी घरी बसून चहा प्यायलो तरी शेवटी तेच."

"मग घरी बसायचं का?"

"अजिबात नाही," कन्सेप्टा म्हणाली. "पण वचन दे."

मी गाडीचा वेग कमी केला. मला कोलमनचा तो वाजलेला कप आठवला. मग म्हटलं, "नेईन. पेटी तुझ्या मांडीवर आहे, आणखी कशाची शपथ घेऊ?"

वळणावरून आम्ही पुढे गेलो तशा मागे एकेक गाड्या सुरू झाल्या. आरशात बघितलं तर अंत्ययात्रेसारखी रांग, फक्त सगळे हसत होते.

फिन्टन दारातच होता. इतक्या गाड्या बघून तो एक पाऊल मागे सरला. कन्सेप्टा उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. पेटी द्यायची ती घरच्या माणसाच्या हातात. तिने फिन्टनच्या खांद्यावरून आत पाहिलं. कोलमन तिथेच, खोलीच्या मध्यावर उभा होता. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि जागचा हलला नाही. मागे सगळं गाव थाळ्या धरून उभं. मी मनात 'नमो मरिये' सुरू केलं आणि अर्ध्यावर पुढचे शब्द विसरले, जे मला कधी होत नाही.

"धर ना, फिन्टन," कन्सेप्टा म्हणाली. "आत मेणबत्तीदाण्या आहेत, पिसं नाहीत."

त्याने पेटी घेतली. ती पाय पुसून आत गेली आणि भिंतींचा पिवळा जरा भडकच झालाय म्हणाली. मग तिने स्वतःच वेदीचं कापड अंथरलं, कारण फिन्टनने ते उलटं धरलं होतं.

स्वयंपाकघरात मावेनात म्हणून माणसं जिन्यावर बसली. मिस्सेच्या शेवटी घरावर आशीर्वाद मागताना फादरांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला, पण "कोलमन आणि फिन्टनचं हे घर" हे शब्द जिन्यावरही ऐकू गेले. कन्सेप्टाचा 'आमेन' इतर घरी असतो तेवढाच मोठा होता, कमी नाही, जास्त नाही. माझं लक्ष होतं म्हणून सांगते.

मग चहा, सामन, व्हिस्की. शुक्रवारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मॅलकीने गाढव कुणाला मत देणार असं विचारलं तेव्हा फादरांना ठसका लागला. कन्सेप्टाने फिन्टनच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि केक कोरडा झालाय असं त्याला तोंडावर सांगितलं. तो इतका खूश झाला की तिसरा तुकडा बांधून दिला.

सगळे गेल्यावर मी बशा धूत होते, कोलमन पुसत होता. त्याला वचनाचं सांगितलं. लपवून नेलं असतं तर ते वचन पाळणं झालं नसतं. तो एकच बशी बराच वेळ पुसत राहिला.

"म्हणजे माझी बहीण माझ्या विरोधातलं मत गाडीत घालून नेणार."

"हो."

"पुढच्या सीटवर बसव," फिन्टन कपाटाकडून म्हणाला. "मागे चढताना तिची कंबर अवघडते."

कोलमन त्याच्याकडे बघत राहिला आणि मग त्याला हसू आवरेना. एका मताने हरलो तर लग्नाचा केक तुला एकटीला खायला लावीन, अशी त्याने मला धमकी दिली.

शुक्रवारी सकाळी मी मिस्सेहून परतत होते तेव्हा कोलमन आणि फिन्टन मत देऊन शाळेतून येताना दिसले, दोघंही सूटमध्ये. मॅलकीची मुलगी मत द्यायला लंडनहून बोटीने आली होती. ती चाकाची बॅग रस्त्याच्या खडीवरून खडखडत ओढत होती. तिला मी घरापर्यंत सोडलं. ती सांगत होती की बोटीवर अख्खी रात्र कुणी झोपलंच नाही, सगळे गात होते. तिने विचारलं, तुमचं झालं का देऊन? म्हटलं, अजून नाही, मला एकीला घेऊन जायचंय.

घरी येऊन चहा घेतला. पुढच्या सीटवरचं सामान मागे टाकलं, कुत्र्याचे केस ब्रशने झाडले, सीट थोडी मागे सरकवली. मग कुणाला काही न बोलता गाडी फाटकाबाहेर काढली आणि कन्सेप्टाच्या घराच्या दिशेने वळवली.